आधी माझी पेन्शन ऐक

माणसाला त्याचा पगार विचारू नये, हे आमच्या हिंगोलीकडे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिकडे पगार असणारी माणसंच थोडी, आणि ज्यांना होता त्यांचा सगळ्या गल्लीला ठाऊक असायचा. पगार ही झाकून ठेवायची गोष्ट आहे हे मला वसईत आल्यावर कळलं. ती चारचौघांत उघडी कशी करायची, हेही वसईतच पाहिलं. आमचे गिरीजचे घरमालक ती करत.

पहिल्या भेटीतच केली. मी तेव्हा आचोळ्याला मामांकडे राहत होते. आठवीत माझी शाळा सुटली, वडील गेले, आणि मामांनी मला इकडे आणून सातिवलीच्या एका गाळ्यात रेक्झिनच्या बॅगा शिवायला बसवलं. पुढे धाकटी बहीण दहावी होऊन आली, तेव्हा मामांच्या दीड खोलीत पाय पसरायला जागा उरेना. गिरीजला एका वाडीच्या कडेला भाड्याच्या खोल्या आहेत असं कळलं, म्हणून मामा, मामी आणि मी पाहायला गेलो. केळीच्या रांगांमधून एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खाली मळकी अर्धी चड्डी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. खोली दाखवली, भाडं सांगितलं, आणि मग मामांकडे वळून म्हणाले,

"आधी माझं ऐका. माझी पेन्शन सहाशे चाळीस. खोल्यांचं भाडं तुम्ही आत्ताच ऐकलंत. केळ्यांचं वर्षाला कधी येतं, कधी जातं. आता तुमचा पगार सांगा."

मामा हसले. "चाललंय काका. भागतं."

"भागतं हा आकडा नाही."

मामा भिडस्त. समोरच्याने आपली पेन्शन अशी काढून हातावर ठेवल्यावर आपण खिसा दाबून उभं राहायचं, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी आकडा सांगून टाकला. शेजारी उभ्या असलेल्या मामीने हळूच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तो आकडा ती पहिल्यांदाच ऐकत होती. परतीच्या एसटीत ती मामांशी एक शब्द बोलली नाही, आणि आचोळ्याला उतरल्यावर जे बोलली ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

मलाही विचारलं होतंच. मी पीसवर काम करते, दर महिन्याची कमाई वेगळी, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दर महिन्याला नवं उत्तर! छान." तेव्हापासून भाडं द्यायला गेले की ते आधी आपली पेन्शन सांगत, जी कधीच बदलत नसे, आणि मग विचारत, "या महिन्यात किती, हिंगोली?"

हिंगोली म्हणजे मी. भाडेकरूंना ते त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारत. पलीकडच्या खोलीत चिपळूण राहत होते, कोपऱ्यात जौनपूर. माझी बहीण धाकटी हिंगोली. तिला ते आवडायचं नाही. मला आवडायचं. गाव इतकं लांब राहिलं होतं की दिवसातून एकदा कुणाच्या तोंडी त्याचं नाव आलं तरी बरं वाटे.

आकडा ऐकला की ते फक्त "बरं" म्हणत. वाईट नाही, चांगला नाही, नुसतं बरं. कौतुक नाही, सल्ला तर मुळीच नाही. लोकांना याचंच जास्त कोडं पडायचं. बरं, विचारलंत तर विचारलंत, पण मग काहीतरी बोला की! ते आपले पिशवी सावरून पुढच्या माणसाकडे निघालेले.

ही खोड लागली कुठून, ते काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितलं. काका गोरेगावच्या एका कंपनीत पगार खात्यात होते. महिनाअखेरीला पाकिटं भरायची, सह्या घ्यायच्या. तीस वर्षं त्यांना सगळ्यांचे पगार पाठ होते, आणि तीस वर्षं ते कुणापाशी बोलायचे नाहीत अशी सक्त ताकीद होती. एकाच बाकावर डबा खाणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या निम्मा पगार, आणि तो निम्मावालाच दुसऱ्याला चहा पाजतो, हे ते रोज पाहायचे आणि आपली पोळी चावत बसायचे. "त्याच्याने त्यांचं पोट बिघडलं," काकी म्हणायच्या. "रिटायर झाले तेव्हा म्हणाले, आता बोलणार." काकी हे मला शुद्ध मराठीत सांगत. नवरा-बायको आपसात त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलत, आणि ती मला पहिलं वर्षभर निम्मीसुद्धा कळली नाही. भांडण मात्र कळायचं.

एकदा मी स्वतः काकांना विचारलं, "काका, एवढे आकडे ऐकून करता काय?"

"करायचं काय? ऐकायचे. पण एक आहे, हिंगोली. ऐकलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. तो तिथं बसतो आणि मग मला त्याच्यासारखं वागावं लागतं. म्हणून ऐकताना विचार करून ऐकावं."

हे त्यांनी सहज म्हटलं, आणि मीही सहजच ऐकलं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात काकी त्यांच्यापासून चांगलं अंतर राखून चालत. कारण होतं. नवीन आलेल्या तरुण फादरांना काकांनी सगळ्यांदेखत आपली पेन्शन सांगितली होती आणि त्यांचं किती ते विचारलं होतं. फादर बिचारे गोड माणूस. म्हणाले, "देवाच्या कृपेने काही कमी पडत नाही."

"ते झालं. कृपा महिन्याला किती येते?"

फादर इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. काकी मात्र पुढचे दोन रविवार पहाटेच्या मिस्सेला एकट्या गेल्या.

त्या बाटलीचंही सांगायला हवं. काका बाहेरचं पाणी पीत नसत. आपल्या विहिरीचं पाणी पिशवीत घेऊन हिंडत. लग्नात गेले तरी तेच, इस्पितळात गेले तरी तेच. कुणी ग्लास पुढे केला तर तो घेऊन आदराने बाजूला ठेवत आणि आपली बाटली उघडत. नातेवाइकांना राग यायचा. काका म्हणत, "पगार कुणाचाही ऐकेन, पाणी कुणाचंही पिणार नाही."

आता माझ्या बहिणीचं.

ती बोलायला जात्याच तयार. बारावीला असताना कॉलेजच्या कार्यक्रमात माइक तिच्याच हाती असायचा. एक दिवस अंधेरीच्या कुठल्याशा संस्थेचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, मास कम्युनिकेशन. तीन वर्षं. डिग्री मिळते. टेन्शन नको घेऊस, बँक लोन देते."

टेन्शन घेऊ नको म्हटलं की मी आधी तेच घेते. फीचा आकडा पाहिला आणि मला रात्री जेवण गेलं नाही. बँकेत चौकशी केली. साहेबांनी हिशेब करून दाखवला: कोर्स संपल्यावर महिन्याला तीन हजारांच्या आसपास हप्ता, काही वर्षं. मी सहकर्जदार व्हायचं आणि वर एक पक्का जामीन आणायचा. मामांच्या डोक्यावर त्यांच्याच फ्लॅटचं कर्ज होतं. ते म्हणाले, "मी कुठल्या तोंडाने सही करू, बाई?" राहिले काका.

आणि नेमकं त्याच वेळी आमच्या गाळ्याचं काम बसलं. बाजारात बाहेरच्या स्वस्त बॅगा आल्या, मालकांच्या ऑर्डरी आटल्या. आठवड्यातले तीन दिवस गाळा बंद. चांगल्या महिन्यात मी तीन हजारांपर्यंत जायची, ती अठराशेवर आले. बहिणीला नीटसं सांगितलं नाही. तिने कोर्सचा नादच सोडला असता. पण काका विचारणार हे मला माहीत होतं. पहिल्या तारखेला विचारणार, मी अठराशे सांगणार, आणि अठराशे मिळवणाऱ्या बाईच्या बहिणीला तीन हजारांच्या हप्त्यासाठी जामीन कोण राहतो? खोटं बोलायचा विचारही मनात आला. पण जो माणूस स्वतःची सहाशे चाळीस आधी सांगतो, त्याच्यासमोर ते जमलं नसतं.

पहिल्या तारखेला भाडं घेऊन गेले. काका ओट्यावर बसून नारळ सोलत होते. कोर्सचं आणि जामिनाचं त्यांना बहिणीने आधीच सांगून टाकलं होतं.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

मी थांबले. पेन्शन नाही, प्रश्न नाही. कोयता परत नारळावर पडला.

मी खोलीत येऊन बसले. सुटले असं वाटायला हवं होतं, वाटलं उलटंच. चार दिवसांपूर्वी बुधवारी भरदुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा ते विहिरीपाशी उभे राहून माझ्याकडे पाहत होते. कामाच्या दिवशी मी घरी. म्हणजे यांना कळलंय, आणि आता मी विचारण्याच्याही लायकीची राहिले नाही. खोली रिकामी करायला सांगतील. मी सामान कुठं हलवता येईल याचा विचारसुद्धा करून ठेवला.

पण दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. सदरा इस्त्रीचा, पिशवी खांद्याला, आणि चक्क फुलपँट. "धाकट्या हिंगोलीला बोलाव. अंधेरीला जायचंय. हा कोर्स करून लोक कमावतात किती, ते ऐकल्याशिवाय मी कुठंही सही करत नाही."

संस्थेत एसी होता आणि कोट घातलेली एक हसरी मुलगी. तिने आम्हाला पॅकेज समजावलं. अमुक लाखांपर्यंत, तमुक लाखांपर्यंत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळ, तू स्वतः हाच कोर्स केलास?"

"हो सर, इथेच."

"आधी माझं ऐक. माझी पेन्शन सहाशे चाळीस. आता तुझा पगार सांग."

मुलगी हसत हसत म्हणाली, "सर, सॅलरी कॉन्फिडेन्शियल असते."

"मीही तीस वर्षं हेच सांगायचो," काका म्हणाले. "त्या 'पर्यंत'च्या खाली कितीजण आहेत ते तरी सांग." तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. काकांनी तो बाजूला ठेवला.

खाली चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची पोरं उभी होती. त्यातला एक म्हणाला की तो एका प्रॉडक्शनवाल्याकडे जातो, अजून फुकट. दुसरा म्हणाला, त्याला दुपारचं जेवण मिळतं. एकीची मोठी बहीण एका मोठ्या कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात होती. तिचा आकडा मी परत सांगायला लावला. काका सगळ्यांना "बरं" म्हणाले. परत येताना माझी बहीण वैतागून म्हणाली, "काका, मग काय समजायचं?"

"अजून काही समजायचं नाही. हे सगळे एक तर अजून कोर्समध्येच आहेत नाही तर ऐकीव आहेत. जिचा हप्ता चालू आहे अशी भेटली पाहिजे."

ती आचोळ्याला भेटली. तिथं पाण्यासाठी बायकांनी हंडे घेऊन मोर्चा काढला होता, मामीही त्यात होती, म्हणून आम्ही गेलो होतो. टीव्हीची गाडी आली. गाडीतून माझ्या बहिणीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी माइक घेऊन उतरली. गर्दीत हा पांढऱ्या सदऱ्यातला उंच म्हातारा तिला बरा वाटला असणार. माइक पुढे केला. "काका, तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

"माझी स्वतःची विहीर आहे. आधी माझं ऐक. माझी पेन्शन सहाशे चाळीस..."

मोर्च्यातल्या बायका खिदळायला लागल्या. मामी ओरडली, "अगं बाई, पळ! हा पगार विचारल्याशिवाय सोडणार नाही! माझ्या नवऱ्याचा विचारला होता, अजून आमच्यात भांडण चालू आहे!" कॅमेरावाल्याने हसत कॅमेरा खाली घेतला.

मुलगी मात्र रागावली नाही. ऊन होतं, सकाळपासून उभी असावी. काकांनी बाटली पुढे केली. कोपऱ्यात उभ्या पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसून ती घटाघट पाणी प्यायली आणि म्हणाली, "हातात आठ हजार. त्यातले साडेतीन बँक नेते. बाकीच्यात कॉट बेसिसवर राहते. घरी सांगते की मजेत आहे." मग कॅमेरावाल्याकडे बोट केलं. "याने कुठलाच कोर्स केला नाही. याला माझ्याहून जास्त मिळतात."

"अरे, पण मी हे मशीन उचलतो!" कॅमेरावाला म्हणाला.

"हप्ता किती वर्षं?"

"अजून चार."

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी असं काही विचारलं जे मी त्यांना कधी विचारताना ऐकलं नव्हतं. "परत करशील हा कोर्स?"

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. दोनदा "हो सर" म्हणाली, ओढणीने तोंड पुसलं, उठून टँकरसमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. आचोळ्यात ती तासाभरापूर्वी पहिल्यांदा आली होती. पण पाणी कुठं अडतं, कुणाकडे जातं, बायका कितीला उठतात, कुणाच्या शाळा बुडतात, सगळं एका दमात, न अडखळता. हंडेवाल्या बायका जवळ सरकल्या. आपलंच दुःख आपल्याला नव्याने कळल्यासारखी मामी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी बहिणीकडे पाहिलं. तिचे ओठ त्या मुलीच्या बोलण्यासोबत हलत होते.

परतताना काकांनी बहिणीला विचारलं, "ऐकलास आकडा?"

"ऐकला."

"आठातले साडेतीन."

"ऐकलं म्हटलं ना, काका. मला हेच करायचंय."

"मग ठीक. न ऐकता उडी मारणारे मी जन्मभर पगाराची पाकिटं देताना पाहिलेत. तू ऐकून मारतेयस. कधी जायचं बँकेत?"

मला बोलायला हवं होतं. काका, माझं पण ऐका, माझे अठराशे झालेत. मी तिकिटाचे सुटे मोजत राहिले. आणि त्यांनी विचारलंही नाही. गिरीजच्या थांब्यावर उतरेपर्यंत मी वाट पाहिली.

बँकेत साहेबांसमोर आम्ही तिघं बसलो. आमच्या मालकांनी माझ्या कमाईचं पत्र दिलं होतं. त्यातला आकडा खरा होता, फक्त गेल्या वर्षीचा होता, आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. साहेबांनी कागद ओढला आणि मोठ्याने वाचायला लागले. "सहकर्जदार, मोठी बहीण. आता सध्याचं मासिक..." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, सध्याचं तोंडी सांगा."

काका उठले. "साहेब, पाणी कुठं मिळेल?"

"बाहेर, जिन्याखाली नळ आहे."

काका गेले. त्यांची पिशवी खुर्चीवरच होती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, मी पाहत होते. मी साहेबांना हळू आवाजात अठराशे सांगितले. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "बघू, जामीन चांगला आहे, स्वतःची वाडी आहे." पान उलटलं. मग काका रुमालाने तोंड पुसत आत आले, विचारलं, "कुठं करायची?" आणि त्यांच्या त्या सुबक, पगार खात्याच्या अक्षरात सही केली.

मला तेव्हा एवढंच वाटलं की माणूस म्हातारा झाला, आपली बाटली विसरला.

पुढची वर्षं मी लांबलचक सांगत नाही. बहिणीचा कोर्स झाला. टीव्हीत काही महिने काढले, तिथं आठसुद्धा मिळाले नाहीत. मग एका कंपनीचं घरगुती मासिक काढायला लागली, मग पुण्याला रेडिओत गेली. पहिली दोन वर्षं हप्त्यातला अर्धा माझा असायचा. मी गाळा बदलला, पर्सच्या कामाला लागले, रविवारी ब्लाउज शिवले. एका महिन्यात हप्ता थकला, तेव्हा मी काकांच्या ओट्यासमोरून मान खाली घालून गेले. बँकेची चिठ्ठी त्यांनाही आली असणार. त्यांनी हाक मारली ती एवढ्यासाठीच की काकींनी पेज केली होती आणि माझा चेहरा उतरलेला दिसत होता. पेज प्यायले. हप्त्याचा विषय निघाला नाही.

त्या सगळ्या वर्षांत दर पहिल्या तारखेला मी भाडं नेलं आणि दर वेळी ते "ठेव तिथं" म्हणाले. चिपळूणला विचारत, जौनपूरला विचारत. मी त्या दोघांना ओट्यावर बसून आकडे सांगताना ऐकायची आणि मला, हसू येईल सांगितलं तर, हेवा वाटायचा.

शेवटचा हप्ता बहिणीने भरला आणि पुण्याहून फोन केला. उन्हाळा होता. काका अंगणात सुकेळी करत होते. राजेळी केळी सोलून बांबूच्या ताट्यांवर उन्हात मांडायची आणि रोज उलटत राहायची. आठवडाभराने ती मधासारखी होतात. थकले होते, बसून बसून उलटत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काका, बँकेचं संपलं."

त्यांनी एक केळं उलटलं. "सगळं?"

"सगळं."

"बस."

मी ताटीच्या कडेला बसले. त्यांनी हात पुसले, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आधी माझं ऐक. माझी पेन्शन सहाशे चाळीस. आता तुझं सांग, हिंगोली. आजचं नको. ज्या वर्षी सही केली, त्या वर्षीचं."

मी म्हटलं, "अठराशे."

काकांनी ताटीवरच्या माशा हाकलल्या. मग म्हणाले,

"बरं झालं, तेव्हा विचारलं नाही."

आणि पुढचं केळं उलटता उलटता,

"त्या बँकेतलं पाणी मात्र फार वाईट होतं गं."